‘आमच्या सासूबाईंना का घेतलं नाही?’

मैत्रिणींनो, या आठवड्याच्या टपालात लोणच्यांचे आणि मुलांच्या डब्यांचे प्रश्न नेहमीप्रमाणे होतेच. पण एका भगिनीचं पत्र मात्र बाजूला काढून ठेवलं. तिच्या सासूबाईंना फुप्फुसाचा कर्करोग आहे, चौथ्या टप्प्यातला. एका रुग्णालयात नव्या उपचाराची ट्रायल, म्हणजे चाचणी चालू असल्याचं कळलं, म्हणून मंडळी धावपळ करून गेली. तिथे सांगण्यात आलं, ‘या आमच्या निकषांत बसत नाहीत.’ ती विचारते, ‘ओळख नव्हती म्हणून का? की वय झालं, आता खर्च कशाला, असा हिशेब असतो?’

बाई गं, दोन्ही नाही. चाचणीत कुणाला घ्यायचं, हे पहिला रुग्ण येण्याआधीच लिहून ठेवलेलं असतं आणि नीतिसमितीने ते तपासून मंजूर केलेलं असतं. त्यात वशिला चालत नाही, आणि नकार म्हणजे ‘या बाईत आता काही अर्थ नाही’ असा शेराही नव्हे.

मग इतके निकष कशासाठी? दोन जातींचे तांदूळ पारखायचे तर पातेलं, पाणी आणि आच आपण सारखीच ठेवतो ना? नाहीतर भात मोकळा झाला तो तांदळामुळे की पाण्यामुळे, कळणार कसं? इथेही तसंच आहे. त्यातून नव्या औषधाचा सगळा त्रास अजून माहीत नसतो, म्हणून तो सोसू शकेल अशाच शरीराला ते देतात.

साधारणपणे काय पाहतात ते सांगते. वय बहुधा 18 पूर्ण हवं. तुकडा काढून तपासलेला, म्हणजे बायॉप्सीचा, अहवाल हवा. फुप्फुसाचे कर्करोगही अनेक जातींचे असतात. एका जातीवरचं औषध दुसरीवर चालेलच असं नाही. पेशीतल्या जनुकांत कोणता बदल आहे तेही पाहतात. ‘ईजीएफआर’ नावाच्या जनुकातला बदल कधीही विडी-सिगारेट न ओढलेल्या स्त्रियांमध्ये अधिक आढळतो. आधी कोणते उपचार झाले, रक्त, यकृत आणि मूत्रपिंड ठीक आहेत का, आजार मेंदूत पोचला आहे का, दुसरा गंभीर आजार किंवा जंतुसंसर्ग आहे का, हेही विचारतात. तरुण रुग्ण गरोदर असेल किंवा अंगावर पाजत असेल तर बहुतेक वेळा घेत नाहीत.

आणि हिंडण्याफिरण्याची ताकद! डॉक्टर तिला आकडा देतात. 0 म्हणजे पूर्वीसारखीच सगळी कामं करणारी. 1 म्हणजे जड काम होत नाही, हलकं होतं. 2 म्हणजे घरकाम झेपत नाही, पण स्वतःचं स्वतः करते आणि जागेपणीचा निम्म्याहून अधिक वेळ उठून असते. 3 म्हणजे त्यातला निम्म्याहून अधिक वेळ अंथरुणात वा खुर्चीत. 4 म्हणजे पूर्ण अंथरुणाला खिळलेली. पुष्कळ चाचण्या 0 आणि 1 वरच थांबतात.

पण सगळ्याच नाही. मुंबईत परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात 2016 ते 2018 या काळात 350 रुग्णांची एक चाचणी झाली. ईजीएफआरमध्ये बदल असलेला, पसरलेला फुप्फुसाचा कर्करोग असे ते रुग्ण होते, आणि त्यांत ताकदीचा आकडा 2 असलेलेही घेतले होते. निम्म्यांना जेफिटिनिबच्या गोळ्या दिल्या, निम्म्यांना गोळ्यांबरोबर केमोथेरपी. नुसत्या गोळ्यांवर आजार मध्यमानाने 8 महिने आटोक्यात राहिला, दोन्ही मिळून 16 महिने. गंभीर दुष्परिणामही मात्र दुपटीने झाले. पदरात काय पडतं आणि काय सोसावं लागतं, हे दोन्ही कळलं ते त्या 350 जणांमुळे.

तेव्हा नकार मिळाला तर नुसतं मान खाली घालून परत येऊ नका. ‘नेमक्या कोणत्या निकषात बसत नाही?’ असं विचारा. कारण रक्त कमी आहे किंवा ताप आहे असं असेल, तर ते सुधारल्यावर पुन्हा पाहता येतं का, तेही विचारा. दुसऱ्या चाचणीचे निकष वेगळे असू शकतात. देशातल्या चाचण्यांची सरकारी नोंदवही 2007 पासून आहे. तिचं नाव सीटीआरआय. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला मोबाइलवर शोधायला बसवा. कोणत्या गावी, कोणासाठी, कोणाला भेटायचं, सगळं तिथे असतं आणि पैसे पडत नाहीत.

जाताना एक पिशवी तयार ठेवा: बायॉप्सीचा अहवाल, रुग्णालयाकडून मिळाला तर तुकड्याचा मेणातला ठोकळा, सीटी स्कॅनची सीडी, रक्ताचे अहवाल आणि कोणतं औषध कधीपासून कधीपर्यंत घेतलं याची तारीखवार वही. काढे, भस्मं, चूर्णं चालू असतील तर तीही लिहा, लपवू नका. बऱ्याच चाचण्यांना आधी उपचार न झालेले रुग्ण लागतात, म्हणून ‘आमच्यासाठी एखादी चाचणी आहे का?’ हा प्रश्न पहिलं औषध सुरू होण्याआधीच विचारा. मात्र चाचणीची वाट पाहत नेहमीचे उपचार लांबवू नका.

खर्चाचंही स्पष्ट विचारून घ्या: औषध कोण देणार, तपासण्या कोणाच्या पैशाने, जाण्यायेण्याचं काय. 2019 च्या नियमांप्रमाणे चाचणीमुळे इजा झाली तर त्यावर मोफत उपचार आणि ठरल्याप्रमाणे भरपाई द्यावी लागते. मध्येच ‘नको’ म्हणण्याचा हक्क रुग्णाला असतो, आणि त्यामुळे नेहमीचे उपचार बंद होत नाहीत.

शेवटची गोष्ट नाजूक आहे. आपल्या घरांतून ‘आईंना काही सांगू नका, हाय खातील’ असं म्हणून आजार लपवण्याची रीत आहे. पण संमतिपत्रावर सही रुग्णाचीच लागते, मुलाची नाही आणि सुनेचीही नाही. तिला समजेल अशा भाषेत सगळं सांगावं लागतं. वाचता येत नसेल तर तिऱ्हाईत साक्षीदारासमोर वाचून दाखवून अंगठा घेतात, आणि कागदाची एक प्रत तिच्या हाती देतात. ज्या बाईला आपल्याला काय झालंय हेच ठाऊक नाही, ती होकार कशाला देणार? तेव्हा निकषांच्या यादीत न छापलेला पहिला निकष घरातच पुरा करायचा असतो. घाई न करता, शक्य तर डॉक्टरांच्या मदतीने, तिला खरं सांगा. मग ती ‘हो’ म्हणेल किंवा ‘आता मला घरीच राहू द्या’ म्हणेल. जे म्हणेल ते तिचं असेल, आणि ते आपण ऐकायचं.