बारडोलीचा दुसरा धडा

बारडोली हे नाव उच्चारताच वल्लभभाई पटेलांची करारी मूर्ती डोळ्यांपुढे उभी राहते. सुरत जिल्ह्यातील या तालुक्याने १२ फेब्रुवारी १९२८ रोजी सारावाढीविरुद्ध सत्याग्रह पुकारला. जप्त्या झाल्या, गोठ्यातली गुरे ओढून नेली गेली, जमिनींचे लिलाव पुकारले गेले. तरी शेतकरी डगमगला नाही आणि अखेर मुंबई सरकारला नमते घ्यावे लागले. हा धडा शाळेतल्या मुलांनाही पाठ असतो. परंतु बारडोलीने आणखी एक धडा घालून दिला आहे आणि त्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. राज्यकर्त्यांनी आपल्या तज्ज्ञ सल्लागारांशी कसे वागावे आणि कसे वागू नये, याचा तो धडा आहे. आजच्या मंत्र्यांना त्याची गरज पहिल्या धड्याइतकीच आहे, असे आम्हांस वाटते.

बारडोलीची सारावाढ कोणा गव्हर्नराच्या लहरीतून निघालेली नव्हती. ती रीतसर एका तज्ज्ञ अहवालातून निघाली होती. मागील जमाबंदी १८९६ साली झालेली. तिची तीस वर्षांची मुदत संपत आली, तेव्हा सरकारने नव्या आकारणीसाठी आपला जमाबंदी अधिकारी पाठविला. त्याने तालुक्यात सुबत्ता आली असल्याचा निर्वाळा दिला. तापी खोऱ्यातून रेल्वे गेली आहे, पक्की घरे उठली आहेत, दुभती जनावरे वाढली आहेत, धान्याचे आणि कापसाचे भाव चढले आहेत. तेव्हा सारा सुमारे तीस टक्क्यांनी वाढविण्यास हरकत नाही, असे त्याचे म्हणणे. वरिष्ठ जमाबंदी आयुक्तांना ही कारणमीमांसा पटली नाही. त्यांनी ती बाजूला सारली. पण त्याच अहवालाच्या परिशिष्टातील शेतजमिनीच्या खंडाचे आकडे प्रमाण मानून ते जवळजवळ त्याच वाढीवर येऊन पोचले. सरकारने मोठ्या उदारपणाचा आव आणून ती सुमारे २२ टक्क्यांवर आणली. एकाने एक कारण दिले, दुसऱ्याने दुसरे, तिसऱ्याने मधला आकडा पसंत केला. ज्या खंडाच्या आकड्यांवर हा सारा डोलारा उभा होता ते शेतावर जाऊन कोणी तपासले होते काय, हा साधा प्रश्न मात्र सचिवालयात कोणी विचारला नाही. तो विचारला शेतकऱ्यांनी आणि त्यांच्या बाजूने लेखणी चालविणाऱ्या नरहरी परीख यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी. सरकारचे उत्तर ठरलेले होते : तज्ज्ञांनी अहवाल दिला आहे, विषय संपला.

विषय संपला नाही. ऑगस्ट १९२८ मध्ये तडजोड झाली आणि न्यायखात्याचे ब्रूमफील्ड व महसूल खात्याचे मॅक्सवेल या दोघा इंग्रज अधिकाऱ्यांकडे फेरचौकशी सोपविण्यात आली. १९२२ साली अहमदाबादेत गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा फर्मावणारे न्यायाधीश ते हेच ब्रूमफील्ड. सत्याग्रहींचा कैवार घेण्याचा संशय त्यांच्यावर कोणी घेऊ शकले नसते. परंतु या दोघांनी एक गोष्ट केली, जी आधी कोणी केली नव्हती. ते गावोगाव फिरले, खंडाच्या नोंदी एकेक करून उलगडल्या, शेतकऱ्यांना समोर बसवून प्रश्न विचारले आणि शेतकऱ्यांच्या प्रतिनिधींना उलटतपासणीची मोकळीक दिली. निष्कर्ष निघाला तो असा की, मूळ आकडे विश्वसनीय नव्हते आणि वाढ करायचीच झाली तर ती सहा टक्क्यांच्या आसपास असावी. तालुका तोच, जमीन तीच आणि सरकारही तेच. बदलली होती फक्त तपासण्याची रीत. तीस टक्के आणि सहा टक्के यांच्यामधल्या अंतरासाठी हजारो कुटुंबांनी जप्त्या सोसल्या होत्या.

मंत्री शास्त्रज्ञांचे ऐकत नाहीत, अशी तक्रार आपण नेहमी ऐकतो. ती खरी आहे. पण अर्धीच खरी आहे. बारडोलीत सरकारने तज्ज्ञाचे ऐकले होते. किंबहुना तेवढेच ऐकले होते. धृतराष्ट्राच्या दरबारात विदुर होता, तसाच कणिकही होता. विदुराचे बोलणे राजा आदराने ऐकून घेई, मान डोलावी आणि पुन्हा आपल्या मनासारखेच करी. कणिकाचा सल्ला मात्र त्याला तत्काळ पटे, कारण तो त्याच्या मनातलाच असे. विदुराकडे दुर्लक्ष झाल्याचे दुःख सारेच करतात. परंतु कुरुकुलाचा घात करण्यात कणिकाचा वाटाही थोडा नव्हता. तिजोरीला जो आकडा हवा असतो तोच आकडा शास्त्राच्या भाषेत सजवून आणणारा सल्लागार हा मुका केलेल्या सल्लागारापेक्षा अधिक धोक्याचा असतो. आणि या दोघांतला फरक ओळखण्याचा एकच मार्ग मंत्र्याजवळ असतो. ‘हे तुम्हांला कशावरून कळले?’ असे त्याने विचारले पाहिजे.

हा प्रश्न विचारणारे मंत्री या देशात झालेच नाहीत, असे नाही. १९६४ साली चिदंबरम सुब्रमण्यम अन्न व शेतीमंत्री झाले, तेव्हा देश अमेरिकेच्या गव्हावर जगत होता. मेक्सिकोतील बुटक्या गव्हाचे वाण येथे रुजेल, असे डॉ. स्वामीनाथन आणि त्यांचे सहकारी सांगत होते. नियोजन मंडळात आणि अर्थखात्यात त्याविषयी शंका होत्या. सुब्रमण्यम यांनी शंकेखोरांना गप्प बसविले नाही आणि शास्त्रज्ञांवर डोळे झाकून विश्वासही ठेवला नाही. वाणाची परीक्षा शेतकऱ्यांच्या शेतांतच प्रात्यक्षिकांनी झाली. तोवर सनदी अधिकाऱ्यांच्या हाती असलेली भारतीय कृषी संशोधन परिषद १९६५ साली प्रथमच डॉ. बी. पी. पाल या शास्त्रज्ञाकडे सोपविण्यात आली. मग १९६६ साली १८,००० टन बियाणे मागविण्याचा निर्णय झाला आणि त्याची जबाबदारी मंत्र्याने स्वतःच्या शिरावर घेतली. १९६४-६५ मध्ये १ कोटी २३ लाख टन असलेले गव्हाचे उत्पादन १९६७-६८ मध्ये १ कोटी ६५ लाख टनांवर गेले. पुढे त्या क्रांतीचे खतांचे आणि पाण्याचे दुष्परिणामही दिसले, हे आम्ही नाकारीत नाही. पण निर्णय घेण्याची रीत चोख होती. सल्ला शेतावर तपासला गेला आणि निर्णयाचा धनी कोण, हे सर्वांना ठाऊक होते.

दुसरे उदाहरण याहून वेगळ्या जातीचे आहे. ऑक्टोबर २००९ मध्ये तज्ज्ञ समितीने बीटी वांग्याला मान्यता दिली. पर्यावरणमंत्री श्री. जयराम रमेश यांनी ती तत्काळ अमलात आणली नाही. अहमदाबाद, नागपूर यांसह सात शहरांत त्यांनी खुल्या सभा घेतल्या, शास्त्रज्ञांची परस्परविरोधी मते मागविली आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी स्थगितीचा निर्णय सकारण, लेखी आणि जाहीरपणे दिला. तो निर्णय बरोबर होता की चूक, यावर वाद आहे आणि तो होत राहील. परंतु वाद घालता येतो, तो कारणे उघड्यावर मांडली गेली म्हणूनच. तज्ज्ञांचा सल्ला नाकारण्याचा मंत्र्याला अधिकार आहे. कारण न देता नाकारण्याचा अधिकार त्याला नाही.

आता आपल्या दाराशी येऊ. ज्या तापीच्या दक्षिणेस बारडोली वसली आहे, त्या तापीच्या खोऱ्यापासून कन्याकुमारीपर्यंत पसरलेल्या सह्याद्रीचा अभ्यास करण्यासाठी त्याच मंत्र्यांनी मार्च २०१० मध्ये डॉ. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ गट नेमला. गटाने ३१ ऑगस्ट २०११ रोजी आपला अहवाल सादर केला. तोवर मंत्री बदलले होते आणि अहवाल बासनात गेला. माहितीच्या अधिकाराखाली तो मागणाऱ्या नागरिकास राष्ट्रहिताचे कारण दाखवून नकार मिळाला. एप्रिल २०१२ मध्ये केंद्रीय माहिती आयोगाने आणि मे महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयाने कान पिळल्यावर कोठे तो जनतेच्या दृष्टीस पडला. हा अहवाल स्थानिक भाषांत आणून ग्रामसभांपुढे ठेवावा आणि क्षेत्रांच्या सीमा लोकांच्या विचाराने ठराव्यात, असे खुद्द गाडगीळ गटानेच सुचविले होते. जो अहवाल गावकऱ्यांच्या हाती द्यावयाचा तो न्यायालयाकरवी ओढून काढावा लागला! मधल्या काळात गावागावांत अफवांचे पीक आले. घर दुरुस्त करता येणार नाही, बागायत सोडावी लागेल, अशा भयाने सामान्य माणूस त्या अहवालाच्या विरोधात उभा राहिला, तो अहवाल न वाचताच. आम्ही त्याला दोष देणार नाही. कागद लपविणाऱ्यांनीच ते भय पेरले होते.

पहिल्या वैद्याचे निदान रुचले नाही की दुसरा वैद्य बोलवावा, हा घरोघरचा परिपाठ. सरकारने ऑगस्ट २०१२ मध्ये डॉ. कस्तुरीरंगन यांचा कार्यगट नेमला. एप्रिल २०१३ च्या त्याच्या अहवालाने सह्याद्रीचे सुमारे ३७ टक्के क्षेत्र संवेदनशील ठरविण्याची शिफारस केली. दुसरे मत घेण्यात गैर काही नाही. बारडोलीतही दुसऱ्या मतानेच न्याय झाला. परंतु तेथे दुसऱ्या चौकशीनंतर निर्णय लागला. येथे मार्च २०१४ पासून मसुदा अधिसूचनाच निघत राहिल्या. सहाव्या मसुद्यावर ३१ जुलै २०२४ ही तारीख आहे. वायनाडच्या डोंगराने शेकडो माणसे गाडली त्याच्या दुसऱ्या दिवसाची. त्या मसुद्यात गोव्याचे १,४६१ चौरस किलोमीटर क्षेत्र दाखविले आहे. दहा वर्षांत सहा मसुदे म्हणजे विचारमंथन नव्हे. ‘नाही’ म्हणण्याचे धैर्य नाही आणि ‘होय’ म्हणण्याची इच्छा नाही, अशा मनःस्थितीचे ते पंचांग आहे.

याची किंमत गोमंतकाने मोजलेली आहे. संवेदनशीलतेच्या पहिल्या श्रेणीतील गोव्याच्या खाणी २०१६ पर्यंत क्रमाक्रमाने बंद कराव्यात, असे गाडगीळ गटाने सुचविले होते. त्यावर आपल्या राज्यात गंभीर चर्चा झाली असती, तर ट्रकवाल्याला, बार्जवाल्याला, खाणीवरच्या मजुराला दुसरी वाट शोधण्यास चार वर्षांचा अवधी मिळाला असता. तसे झाले नाही. बेकायदा खाणकामावर शहा आयोगाचा अहवाल आला आणि सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने व ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने साऱ्या खाणी एका फटक्यात थांबविल्या. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या तालुक्यांत कर्जाचे ट्रक दाराशी उभे राहिले. एप्रिल २०१४ मध्ये न्यायालयाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली, तीही तज्ज्ञ समितीचे ऐकून. फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले. सरकारने तज्ज्ञांशी मोकळेपणाने बोलून जे पायरीपायरीने करावयाचे, ते न्यायालयाला कड्यावरून ढकलल्यासारखे करावे लागले. पडला मात्र गरीबच.

शास्त्रज्ञांनीच राज्य चालवावे, असे आमचे म्हणणे नाही. रोजगार, परंपरा, लोकांच्या भावना, खजिन्याची ओढाताण हे सारे तोलून निर्णय घेण्यासाठीच जनता मंत्र्यांना निवडून देते. शास्त्रज्ञही माणसेच असतात. त्यांच्यात मतभेद असतात, त्यांच्या चुका होतात. म्हणूनच सल्ला आणि निर्णय यांच्यामधली रेषा स्वच्छ हवी. इंग्लंडात ऑक्टोबर २००९ मध्ये अमली पदार्थांविषयीच्या सल्लागार मंडळाचे अध्यक्ष प्राध्यापक डेव्हिड नट यांना, सरकारी धोरणाशी न जुळणारे मत जाहीरपणे मांडल्याबद्दल गृहमंत्र्यांनी पदावरून दूर केले. मंडळातील काही सहकाऱ्यांनी राजीनामे दिले, गदारोळ उठला आणि पुढच्याच वर्षी सरकार व सल्लागार यांनी एकमेकांशी कसे वागावे याची तत्त्वे लिहून काढावी लागली. आपल्याकडे केंद्रात १९९९ पासून प्रधान वैज्ञानिक सल्लागाराचे पद आहे. पण पदाने प्रश्न सुटत नाही. विदुरालाही आसन होतेच.

गोव्यापुरते बोलायचे तर दोनापावल येथे १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी आहे. तेथून पर्वरीचे विधानभवन फार दूर नाही. मध्ये एक मांडवी आहे इतकेच. समुद्र किनारा खात असताना, खाजनांचे बांध फुटत असताना हे अंतर मैलांचे का व्हावे? आमच्या अपेक्षा मोजक्या आहेत. सरकारने नेमलेल्या प्रत्येक तज्ज्ञ समितीचा अहवाल ठरावीक मुदतीत प्रसिद्ध व्हावा आणि त्याचा सारांश मराठी व कोकणीत ग्रामसभेपुढे यावा. शिफारस नाकारायची असल्यास मंत्र्याने आपल्या सहीने कारणे द्यावीत. सल्लागाराने आपल्याला काय ठाऊक आहे, याबरोबरच कशाची खात्री नाही तेही लिहावे. आणि ज्या जमिनीविषयी सल्ला द्यायचा, त्या जमिनीवर त्याने निदान एकदा पाय ठेवावा.

यांतील एकाही गोष्टीला नवा पैसा लागत नाही. लागतो तो थोडा मोकळेपणा आणि चूक कबूल करण्याची तयारी. ब्रूमफील्ड आणि मॅक्सवेल हे परक्या सरकारचे नोकर होते. तरीही ते बांधावर गेले आणि आपल्याच सरकारचा आकडा खोटा पाडून आले. मतदारांपुढे हात जोडून सत्तेवर आलेल्या मंत्र्यांकडून आणि त्यांच्या सल्लागारांकडून याहून कमीची अपेक्षा आम्ही का करावी?