धडा कंपनीचा, धूळ जनतेची

भांडवलदाराची चूक झाली की तिला ‘धडा’ म्हणतात. त्या धड्याची फी मात्र जनता भरते. २० एप्रिल २०२३ रोजी अमेरिकेत टेक्सासमधील बोका चिका येथून स्पेसएक्स कंपनीचा ‘स्टारशिप’ अग्निबाण चाचणीसाठी उडाला आणि चार मिनिटांत नष्ट झाला. त्याच्या ३३ इंजिनांच्या झोताने उड्डाणतळाचे काँक्रीट फुटले. त्याचे तुकडे ३८५ एकरांवर विखुरले, धूळ साडेसहा मैलांपर्यंत पसरली.

हा धडा नवा होता काय? ज्वाला वळविणारा खंदक केनेडी अवकाश केंद्रात १९६०च्या दशकापासून आहे. तशी व्यवस्था वगळणे चूक ठरू शकेल, हे कंपनीचे प्रमुख इलॉन मस्क यांनी २०२० मध्येच बोलून दाखविले होते. पाण्याने थंड राखावयाची पोलादी बैठक तयार होत होती. तिच्यासाठीही कंपनी थांबली नाही.

अपघाताची चौकशीही कंपनीनेच केली. शासकीय यंत्रणा देखरेखीपुरती उरली. त्यातून ६३ दुरुस्त्या निघाल्या. याच कंपनीला नासाने २०२१ मध्ये चंद्रावर उतरणाऱ्या यानासाठी २८९ कोटी डॉलरांचे कंत्राट दिले होते. पैसा सार्वजनिक, धोका सार्वजनिक, निर्णय तेवढा खासगी!

समाजवाद्यांचा विरोध विज्ञानाला नाही, या व्यवहाराला आहे. ज्यांच्या छपरांवर धूळ पडते, त्यांना उड्डाणापूर्वी ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार मिळालाच पाहिजे.