बंदूक नंतर, गॉगल आधी

परवा शेजारचा दहावीतला पोरगा मोबाईल घेऊन आला. "काका, ही एअरसॉफ्ट गन बघा ना, अगदी खऱ्यासारखी दिसते. पप्पांना सांगा ना तुम्ही." पप्पांचं उत्तर तयारच होतं, "बंदूक-बिंदूक घरात नको!" मला दोघांचंही पटलं नाही, म्हणून ही जरा लांब पोस्ट.

जत्रेत पिवळ्या प्लॅस्टिकच्या गोळ्यांची बंदूक मिळते ना, तिचीच ही थोरली बहीण. गोळी ६ मिलिमीटरची, वजन साधारण ०.२० ग्रॅम. स्प्रिंग, बॅटरी किंवा गॅसच्या जोरावर सुटते. हा खेळ जपानचा. तिथे सामान्य माणसाला खरी बंदूक मिळणं महाकठीण, म्हणून हौशी लोकांनी ही वाट काढली. दोन संघ पाडायचे आणि मैदानात किंवा झाडीत खेळायचं.

यातली एक गोष्ट मला फार आवडते. पेंटबॉलमध्ये रंगाचा डाग पडतो, इथे काहीच उमटत नाही. गोळी लागली की आपणच हात वर करून "हिट" म्हणायचं आणि बाहेर व्हायचं. गल्ली क्रिकेटमध्ये कट लागूनही "नाही लागला" म्हणून भांडणारे आपण! पोरं एवढा प्रामाणिकपणा शिकणार असतील तर मी खेळाच्या बाजूने. आणि बंदूक म्हटलं की वाईटच, असंही नाही. २०२४ ला पॅरिसमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने नेमबाजीत ब्राँझ जिंकलं, तेव्हा आपण सगळेच नाचलो होतो. त्यामागे रेंजवरची वर्षानुवर्षांची शिस्त होती.

चुकतं कुठे, तर आपण सुरुवात ऑनलाइन खरेदीने करतो. पहिला खर्च गॉगलचा. उन्हातला नाही, चारी बाजूंनी बंद आणि मार सोसणारा. सेकंदाला शंभर मीटर वेगाची गोळी डोळ्यावर बसली तर डोळा जाऊ शकतो. दातांसाठी तोंडावर मास्क. मग जिथे खेळ रीतसर चालतो तिथे भाड्याच्या सामानावर दोन-चारदा खेळा. गोळीचा वेग मोजतात का, बसायच्या जागेत मॅगझिन काढायला लावतात का, ते बघा. नसतील तर परत फिरा. स्वतःची गन सगळ्यात शेवटी, तीही पोलीस ठाण्यात नियम विचारूनच. गच्चीत, पार्किंगमध्ये, कुत्र्या-कबुतरांवर अजिबात नाही.

आता खरा मुद्दा. नोव्हेंबर २०१४, अमेरिकेतलं क्लीव्हलँड. बारा वर्षांचा तामीर राईस बागेत एअरसॉफ्ट पिस्तूल घेऊन खेळत होता. नकली असल्याची खूण म्हणून टोकाला असतो तो नारिंगी भाग निघालेला. फोन करणाऱ्याने "बहुतेक खोटं असेल" असं सांगितलं होतं, पण ते घटनास्थळी आलेल्या पोलिसांपर्यंत पोचलंच नाही. ते आल्यावर दोनेक सेकंदांत गोळी सुटली. पोरगा गेला. ब्रिटनने तर २००६ च्या कायद्यातच अठरा वर्षांखालच्यांना नकली बंदूक विकायला बंदी केली होती.

आपल्याकडे असं होणार नाही म्हणून निर्धास्त राहू नका. कमरेला पिस्तूल खोचून रील टाकणारे 'भाई' गल्लोगल्ली आहेत. रस्त्यावरच्या माणसाला खरं-खोटं कळत नाही, घाबरायला तेवढं पुरतं. म्हणून माझं स्पष्ट मत: खेळणी म्हणून अशा गन पोरांना सर्रास विकणं बंद करा. गॉगलशिवाय तर एकही विकू नका. आणि ज्यांना खरंच खेळायचंय त्यांना शहराबाहेर कुंपण घातलेली एखादी जागा द्या. नुसती बंदी घातली की पोरं चोरून गच्चीत खेळतात.

त्या पोराला सांगितलं, "आधी गॉगल घे. रविवारी मैदान बघायला जाऊ, पप्पांनाही घेऊन." पप्पा अजून 'बघू' म्हणतायत.

तुमच्या घरात असा हट्ट झाला तर तुम्ही काय कराल? मोकळेपणाने लिहा.