आठ राजीनामे आणि एक तार : बुद्धिमान माणसे नोकरी का सोडतात? (थ्रेड)

१/ "हुशार माणसांना सांभाळणे फार अवघड असते," हे वाक्य आपल्या कार्यालयांत वारंवार ऐकू येते. बोलणारा बहुधा वरिष्ठ असतो आणि रोख नुकत्याच राजीनामा दिलेल्या माणसावर असतो. मग त्यावर उपाय म्हणून प्रेरणादायी व्याख्याने आणि व्यक्तिमत्त्व चाचण्या येतात. हा थ्रेड त्या समजुतीच्या विरोधात आहे.

२/ डिसेंबर १९४७. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जॉन बार्डीन आणि वॉल्टर ब्रॅटन यांनी पहिला ट्रान्झिस्टर चालवून दाखवला. त्यांचे गटप्रमुख विल्यम शॉकले यांचा त्यात प्रत्यक्ष हात नव्हता, आणि हे त्यांच्या जिव्हारी लागले. काही आठवड्यांतच त्यांनी एकट्याने, सहकाऱ्यांना सुगावा लागू न देता, जंक्शन ट्रान्झिस्टरची कल्पना मांडली. त्यांच्या प्रज्ञेविषयी शंका घेण्याचे कारण नाही.

३/ पण प्रमुखच सहकाऱ्यांशी स्पर्धा करू लागला की गट उरत नाही. ब्रॅटन यांनी दुसरा गट मागून घेतला. बार्डीन १९५१ मध्ये इलिनॉय विद्यापीठात गेले. तिघांना १९५६ चे नोबेल मिळून मिळाले खरे. पण बार्डीन यांनी अतिवाहकतेवरील कामासाठी १९७२ मध्ये भौतिकशास्त्राचे दुसरे नोबेल मिळवले, ते शॉकले यांच्यापासून दूर जाऊन.

४/ १९५६ मध्ये शॉकले यांनी अर्नोल्ड बेकमन यांच्या पाठबळावर कॅलिफोर्नियातील माउंटन व्ह्यू येथे स्वतःची प्रयोगशाळा उघडली. माणसे निवडण्यात ते चुकले नाहीत. रॉबर्ट नॉइस, गॉर्डन मूर, जाँ होर्नी अशी मंडळी त्यांनी गोळा केली. येण्यापूर्वी उमेदवारांना मानसशास्त्रीय चाचण्या द्याव्या लागल्या. मूर पुढे सांगत की, आपण आणि नॉइस हुशार आहोत, पण चांगले व्यवस्थापक होणार नाही, असा त्या चाचण्यांचा निष्कर्ष होता. याच दोघांनी पुढे इंटेल स्थापन केली!

५/ मग सुरू झाला संशयाचा कारभार. हाताखालच्या शास्त्रज्ञांचे निष्कर्ष बरोबर आहेत का, हे शॉकले बेलमधील जुन्या सहकाऱ्यांना फोन करून विचारत. कार्यालयातील एका महिलेच्या हाताला दारापाशी काही टोचले, तेव्हा त्यांना घातपाताचा वास आला आणि कर्मचाऱ्यांच्या असत्यशोधक चाचणीची भाषा सुरू झाली. टोचणारी वस्तू होती डोके तुटलेली ड्रॉइंग पिन. दरम्यान सिलिकॉन ट्रान्झिस्टरवरचे लक्ष काढून ते आपल्या लाडक्या चार थरांच्या डायोडकडे वळले.

६/ "पगारासाठी गेले असतील," असे कोणी म्हणेल. क्रम पाहा. असंतुष्ट शास्त्रज्ञ प्रथम बेकमन यांच्याकडे गेले. त्यांची मागणी वेतनवाढीची नव्हती. कारभार दुसऱ्याकडे सोपवावा, अशी होती. तिथे निराशा झाल्यावर त्यांनी अशी कंपनी शोधली, जी त्यांना एकत्र नोकरीवर घेईल. स्वतःची कंपनी काढण्याची कल्पना त्यांना आर्थर रॉक आणि त्यांच्या सहकाऱ्याने सुचवली. सोबत काम करता यावे, एवढीच मूळ इच्छा होती.

७/ सप्टेंबर १९५७ मध्ये आठ जणांनी राजीनामे दिले. इतिहासाने त्यांना 'आठ गद्दार' हे नाव चिकटवले. गद्दारी कोणाशी? कामाशी तर नाहीच. फेअरचाइल्ड सेमीकंडक्टरमध्ये दोन वर्षांच्या आत होर्नी यांनी प्लेनर प्रक्रिया शोधली आणि नॉइस यांनी तिच्या आधारे एकात्मिक परिपथाची कल्पना मांडली. शॉकले यांची कंपनी नफ्याचे तोंड न पाहताच १९६० मध्ये विकली गेली. माणसे तीच होती; बदलला तो फक्त वरिष्ठ.

८/ आता त्याच परिसरातले दुसरे उदाहरण. माउंटन व्ह्यूपासून जवळच असलेल्या स्टॅनफर्डमध्ये गोविंद स्वरूप रेडिओ खगोलशास्त्र शिकत होते. १९६१ मध्ये त्यांनी आणि परदेशातील तीन भारतीय सहकाऱ्यांनी भारतातील संस्थांना पत्रे लिहिली : आम्ही परत येऊ इच्छितो, एकत्र काम करू इच्छितो. मागणी त्या आठ जणांचीच! १९६२ च्या आरंभी मुंबईहून होमी भाभांची तार गेली की टाटा मूलभूत संशोधन संस्थेत असा गट स्थापन करण्याचे ठरले आहे.

९/ स्वरूप १९६३ मध्ये रुजू झाले. १९६५ मध्ये कल्याणला ३२ लहान तबकड्यांची दुर्बीण उभी राहिली. मग उटीच्या डोंगरउतारावर ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद दुर्बीण. तिशीतल्या माणसाच्या हाती एवढा प्रकल्प सोपवला गेला. जानेवारी १९६६ मध्ये भाभांचे अपघाती निधन झाले, तरी काम थांबले नाही. १९७० मध्ये उटीची दुर्बीण सुरू झाली. त्याच परंपरेतून पुढे नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची महाकाय दुर्बीण उभी राहिली.

१०/ आक्षेप येईल : भाभांच्या मागे सरकारी पैसा होता, खासगी कंपनीला नफा कमवावा लागतो. पैसा शॉकले यांच्या मागेही होता. नफा त्यांना मिळाला नाही, तो त्यांना सोडून गेलेल्यांनी मिळवला. उद्दिष्ट ठरवणे आणि खर्चाचा हिशेब मागणे हे वरिष्ठाचे कामच आहे. पण हिशेब मागणे वेगळे आणि संशय घेणे वेगळे.

११/ शॉकले विक्षिप्त होते, असे म्हणून आपण सुटका करून घेतो. पण चाचणीच्या गुणांवरून माणसाची कुवत ठरवणे, पाठीमागे पडताळणी करणे, कनिष्ठाचे यश डोळ्यांत खुपणे, आपल्या आवडीसाठी सर्वांची दिशा बदलणे, यांतले काय आपल्याकडे घडत नाही? आज साधने बदलली आहेत. संगणकाच्या पडद्यावर नजर ठेवणारे सॉफ्टवेअर ही असत्यशोधक यंत्राचीच धाकटी भावंडे आहेत.

१२/ बुद्धिमान माणूस प्रेरणा बरोबर घेऊनच येतो. त्याला हवे असते अवघड काम, तोलामोलाचे सोबती आणि आपल्या यशाने न दुखावणारा वरिष्ठ. म्हणून पुढचा राजीनामा टेबलावर आला की, "याला काय कमी पडले?" हा प्रश्न बाजूला ठेवावा. "याच्याकडचे आपण काय काढून घेतले?" असे विचारावे, आणि उत्तर जाणाऱ्याकडूनच ऐकून घ्यावे.

(समाप्त)