नफ्याची दुर्बीण आणि रोग्याचा जीव

पित्तनलिकेत खडा अडकला की स्वादुपिंडात गाठ झाली, हे खात्रीने जाणण्यासाठी एके काळी अनेकदा पोट उघडावे लागे. 1968 साली अमेरिकेत तोंडावाटे लहान आतड्यापर्यंत दुर्बीण नेऊन, पित्तनलिकेत औषध सोडून क्ष-किरणचित्र घेण्याची पद्धत प्रथम प्रसिद्ध झाली. 1974 साली जर्मनी व जपानमधील डॉक्टरांनी त्याच वाटेने खडे काढण्याचा मार्ग खुला केला. 'ईआरसीपी' नावाची ही पद्धत मानवी बुद्धीची थोर कमाई होय.

परंतु भांडवली व्यवस्थेत विज्ञानाची कमाईही नफ्याच्या दावणीला बांधली जाते. या दुर्बिणीच्या टोकाशी असलेल्या हलत्या भागाच्या खाचा साफ करणे अत्यंत दुष्कर. तेथे दडलेले जिवाणू एका रोग्याकडून दुसऱ्याकडे जातात. अमेरिकी सिनेटमधील 2016 सालच्या अहवालानुसार 2012 ते 2015 या काळात अशा किमान 25 प्रकरणांत किमान 250 रोग्यांना औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंची लागण झाली. दोष धुणाऱ्या कामगाराच्या माथी मारणे सोपे असते. परंतु सफाईच्या सूचना काटेकोर पाळूनही लागण झाली, हे अमेरिकी औषध प्रशासनानेच 2015 साली सांगितले. दोष दुर्बिणीच्या रचनेतच होता. लागणीचे आवश्यक अहवाल सरकारला न दिल्याचा गुन्हा ऑलिम्पस या बलाढ्य कंपनीच्या जपानी शाखेने 2018 साली न्यायालयात कबूल केला आणि साडेआठ कोटी डॉलर्स भरले. गेलेले प्राण मात्र कोणत्याही दंडाने परत येत नाहीत.

केवळ निदानासाठी आज या धोक्याची गरज उरलेली नाही. ईआरसीपीनंतर शंभरातील सुमारे 3 ते 10 रोग्यांच्या स्वादुपिंडाला सूज येते. उलट एमआरआय यंत्रावर होणाऱ्या 'एमआरसीपी' तपासणीत शरीरात दुर्बीण घालावीच लागत नाही. म्हणून आधी सोनोग्राफी, मग एमआरसीपी, आणि खडा काढणे वा नळी बसवणे भाग असेल तेव्हाच ईआरसीपी, हा शास्त्रीय क्रम होय. पण हा क्रम खिशावर अवलंबून राहिला, तर शास्त्र श्रीमंतांपुरते आणि धोका गरिबांपुरता उरेल.

भारतात उपकरणांमुळे झालेल्या अपायांची नोंद घेणारी सरकारी योजना 2015 साली सुरू झाली. तिला सक्ती व निर्भय नोंदीची जोड हवी. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात मोफत एमआरआय, आणि दुर्बिणी धुण्यासाठी कंत्राटी नव्हे तर कायम, प्रशिक्षित व पुरेसे कामगार, या मागण्या कामगार संघटनांच्या व्यासपीठावर यायलाच हव्यात. रोग्याची सुरक्षितता आणि कामगाराचा हक्क ही एकाच लढ्याची दोन अंगे आहेत.