जाळं ठेकेदाराचं, मग मासा कुणाचा?



धरणात आपली जमीन गेली, गाव गेलं. आता त्याच पाण्यात आपली पोरं ट्यूबवर बसून मासे धरतात. मासे धरणारे आपण, पण संध्याकाळी काट्याजवळ उभा असतो ठेकेदार. भाव तो ठरवतो, कारण जाळ्याला उचल त्याने दिली आहे.

पुष्कळ जण म्हणतात, "ठेकेदार चांगला, व्याज घेत नाही." आपण हिशेब करून बघू. समजा त्याने 2,000 रुपयांची जाळी दिली. बाजारभावापेक्षा किलोमागे 5 रुपये कमी दिले आणि रोज 4 किलो मासे घेतले, तर रोजचे 20 रुपये गेले. 200 दिवसांत 4,000 रुपये. आणि वहीत मूळचे 2,000 तसेच उभे! पावसात जाळं फाटलं की पुन्हा उचल.

आपल्या आज्यांच्या वेळेस लग्नासाठी कर्ज घेतलं की माणूस सावकाराचा लग्नगडी व्हायचा. 1945 साली तलासरी-डहाणू-उंबरगावच्या वारल्यांनी लाल बावट्याखाली ती वेठ मोडली. आता आपण काय जाळ्याचे गडी व्हायचं?

बँकेत जावं म्हटलं तर साहेब विचारतो, "सातबारा आहे काय?" 1998 पासून किसान क्रेडिट कार्ड निघालं, पण तेव्हा ते शेतकऱ्यालाच होतं. पाण्याला कुठला सातबारा? ज्यांची जमीन धरणात बुडाली त्यांच्याकडेच जमिनीचा कागद मागायचा, हा कसला न्याय?

पण एक गोष्ट बँकवाले आपण होऊन सांगत नाहीत. 1972 पासून सरकारी बँकांत 4 टक्के व्याजाची एक योजना आहे. तिला डीआरआय म्हणतात. ती अगदी गरीब कुटुंबांसाठी आहे. 2000 साली कर्ज 6,500 रुपयांपर्यंत मिळायचं, तारण लागत नाही. बँकेने आपल्या एकूण कर्जातलं 1 टक्का यात द्यायचं आणि त्यातलं किमान 40 टक्के दलित-आदिवासींना, असा नियम आहे. 6,500 वर वर्षाचं व्याज होतं 260 रुपये. सावकाराचा दर शेकडा महिना 10 रुपये धरला, तर तेवढ्याच पैशावर त्याचं व्याज 7,800 रुपये. मग बँकेचं कर्ज ही काय भीक आहे? हा आपला हक्क आहे.

संघटनेतलेच काही जण म्हणतात, कर्ज म्हणजे फास, बँकेच्या नादी लागू नका. त्यांचं म्हणणं खोटं नाही. आयआरडीपीत म्हशी मिळाल्या, दलालाने आपला वाटा काढला, म्हैस मेली आणि नोटीस मात्र घरी आली, हे आपण पाहिलंय. पण तेव्हा म्हैस कुठली घ्यायची, कुणाकडून घ्यायची, दूध कुठे विकायचं, यातलं काहीच आपल्या हातात नव्हतं. फास कर्जाने बसला नाही, तो दुसऱ्याच्या हातातल्या दोरीने बसला.

म्हणून आमचं म्हणणं असं, की आधी पाणी, मग कर्ज. ठेका ठेकेदाराकडेच राहिला आणि बँकेच्या पैशाने आपण जाळी घेतली, तर मासा शेवटी त्याच्याच काट्यावर जाणार. मग हप्ता कशातून फेडणार?

मध्य प्रदेशात हे करून दाखवलंय. तवा धरणात 44 गावं उठली. आपल्याच नदीतले मासे धरले म्हणून तिथले आदिवासी चोर ठरत होते. केसल्याच्या किसान आदिवासी संघटनेने लढा दिला आणि 1996 च्या अखेरीस विस्थापितांच्या तवा मत्स्य संघाला 5 वर्षांसाठी मासेमारीचा हक्क मिळाला. तेव्हा मासे संघ विकायचा, जाळ्या-होड्यांसाठी सभासदांना पैसेही संघच द्यायचा. सातबारा कुणी मागत नव्हतं. धरलेला मासा हाच तारण होता.

1996 च्या पेसा कायद्यानेही सांगितलंय, की आदिवासींना कर्ज देणाऱ्या सावकारीवर ग्रामसभा आणि पंचायतीचा ताबा पाहिजे. तरी हा अधिकार वापरायला आपण बसलोच नाही.

तर येत्या ग्रामसभेत एवढं करा. खरोखर पाण्यात उतरणाऱ्यांची यादी करा, मासळी विकणाऱ्या बायांची नावंही घाला. सोसायटी काढा, पण नावाला सोसायटी आणि आत ठेकेदार असं होऊ देऊ नका. धरणातल्या मासेमारीचा ठेका त्याच सोसायटीला मिळावा असा ठराव करा. ठेकेदाराच्या वहीत कुणाच्या नावावर किती बाकी आहे ते सभेत वाचून घ्या. मग सगळ्यांनी मिळून बँकेत अर्ज द्या आणि पोच घ्या. साहेब नाही म्हणाला तर तोंडी नकार घेऊन घरी येऊ नका, लेखी मागा. तो कागद घेऊन आपण सगळे तहसीलवर जाऊ.

जमीन बुडाली तेव्हा आपण एकेकटे होतो. पाणी मागताना एकेकटे जायचं नाही.