"लक्ष कुठे होतं तुझं?" हे विचारणं बंद करा

लहान मूल भाजून दवाखान्यात आलं की सोबतचं कोणीतरी त्याच्या आईला हमखास सुनावतं, "लक्ष कुठे होतं तुझं?" हा प्रश्न मला घातक वाटतो. एकदा दोष आईच्या लक्षाला दिला की घरात काहीच बदलावं लागत नाही, आणि काही दिवसांनी दुसरं मूल भाजतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार भारतात दरवर्षी १० लाखांहून अधिक लोक मध्यम किंवा गंभीर स्वरूपात भाजतात. या सगळ्यांचं फक्त लक्ष नव्हतं, असं म्हणायचं का? दोष घरातल्या मांडणीत असतो.

आंघोळीचंच पाहा. कर्जत-खालापूरच्या अनेक घरांत चुलीवरचं किंवा बंबातलं कढत पाणी आधी बादलीत ओततात आणि मग विसणाचं पाणी आणायला जातात. ६० अंश सेल्सिअसचं पाणी मोठ्या माणसाची कातडी साधारण ५ सेकंदांत खोलवर भाजतं. मुलांची कातडी पातळ, त्यांना तेवढाही वेळ लागत नाही. एवढ्यात कुठली आई धावून पोहोचणार? म्हणून नियम एकच: बादलीत आधी गार पाणी, मग गरम. गीझर असेल तर ५० अंशांच्या वर ठेवू नका.

आता गॅस. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला की जमिनीलगत साचतो. म्हणून शेगडी ओट्यावर हवी आणि सिलिंडर खाली, उभा. रबरी पाइप ५ वर्षांनी बदलायचा असतो. दर दोन वर्षांनी मोबाइल बदलणाऱ्या घरात हा पाइप मात्र वर्षानुवर्षं तोच! गॅसचा वास आला तर रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा. विजेचं कुठलंही बटण चालू करू नका, बंदही करू नका. बाहेर येऊन १९०६ ला फोन करा.

काही जण म्हणतात, "आमच्या आजीने जन्मभर जमिनीवरच रांधलं, काही झालं नाही." आजीची साडी सुती होती. नायलॉन वितळून कातडीला चिकटतं. आणि ज्या आज्या भाजून गेल्या, त्यांचा दाखला द्यायला कोणी येत नाही. चूल खालीच असेल तर तिच्याभोवती मूल ओलांडू शकणार नाही असा कठडा घाला. त्याला पैसे लागत नाहीत, एक दिवसाची मेहनत लागते.

एवढं करूनही कोणी भाजलंच, तर नळाच्या वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं धरा. बांगड्या, अंगठ्या लगेच काढा. टूथपेस्ट, हळद, शाई, बर्फ काहीही लावू नका. स्वच्छ कापडाने झाकून दवाखान्यात आणा. जास्त भाजलं असेल तर १०८ ला फोन करा. अशा रुग्णाला आपल्या भागातून थेट ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरसारख्या ठिकाणी हलवण्याची वेळ येऊ शकते. तोवरचा प्रत्येक तास महत्त्वाचा असतो.

घरातल्या पुरुषांनो, ओटा बांधायचा की नाही, पाइप कधी बदलायचा, हे पैशांचे निर्णय बहुतेक घरांत तुम्ही घेता. मग जाब एकट्या बाईला का? आज जेवण झाल्यावर ओट्याखाली वाका आणि पाइपवर छापलेली तारीख वाचा. ती उलटून गेली असेल, तर लक्ष कोणाचं नव्हतं ते कळेल.